सरकारी खरेदीचा कायदा : आपल्या मुलांसाठी एक नवा विषय

वकिलीचे शिक्षण म्हटले की आपल्या समाजात दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक फौजदारी कोर्टाचे आणि दुसरे तलाक, मेहेर, वारसा यांच्या दाव्यांचे. मुलगा हुशार निघून कायद्याकडे वळलाच, तर घरची मंडळी म्हणतात की जमिनीच्या कज्ज्यांत पडेल आणि चार पैसे मिळवील. परंतु कायद्याची एक शाखा अशी आहे की जिचा संबंध थेट आपल्या मागांशी, कारखान्यांशी आणि दुकानांशी आहे, आणि जिचे नावही आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नाही. ती शाखा म्हणजे सरकारी खरेदीचा कायदा.

सरकार किती माल घेते याचा विचार आपण क्वचितच करतो. रुग्णालयांच्या चादरी, पोलिसांचे गणवेश, वसतिगृहांच्या सतरंज्या, शाळांची बाके, कार्यालयांची कुलुपे, रेल्वेचे टॉवेल, हा सगळा माल कोणी तरी विणतो, शिवतो, घडवतो. त्यातील पुष्कळसा आपल्याच कारागिरांच्या हातचा असतो. पण टेंडर भरणारा दुसरा, नफा घेणारा तिसरा, आणि पैसे अडकले की रडणारे आपण, अशी आजवरची रीत आहे.

हा लेख लिहिण्याचे कारण आमचा भाचा. गेल्या वर्षी तो एल.एल.बी. झाला आणि म्हणाला, "मामू, मला सरकारी खरेदीच्या कायद्यात पुढची पदवी घ्यायची आहे." आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. टेंडरचा इंग्रजी मसुदा आजही आम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतो. अशा विषयात पदवी असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. म्हणून चौकशी केली, जाणत्या वकिलांना विचारले, आणि जे कळले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आधी आमच्यावर बेतलेला एक प्रसंग सांगतो, म्हणजे विषय समजेल. सन २०११ मध्ये आम्ही एका सरकारी कार्यालयाला चादरींचा पुरवठा केला. माल सोलापूरहून उचलला होता. लेखी आदेश चारशे चादरींचा होता. माल पोचल्यावर तेथील साहेब म्हणाले, "आणखी सहाशे पाठवा, कागद मागून करू." आम्ही पाठवल्या. भांडारपालाने चलनावर नुसता शिक्का मारला, सही केली नाही. पुढे साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, चारशेचे बिल मंजूर, सहाशेचा आदेश दाखवा. आदेश कोठून दाखवणार? आम्ही अर्ज केले, स्मरणपत्रे दिली, खेटे घातले. २०१६ मध्ये एका वकिलाला कागद दाखवले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इतकी वर्षे कोठे होतात?"

त्या दिवशी जे शिकलो ते फार महागात शिकलो. सरकारशी होणारा करार हा दोन व्यापाऱ्यांमधल्या करारासारखा नसतो. आपल्या बाजारात जबान हाच करार आहे, दलालाने हातावर हात मारला की सौदा पक्का. सरकारच्या बाबतीत घटनेचे २९९ वे कलम सांगते की करार राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावाने झाला पाहिजे आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच त्यावर सही केली पाहिजे. साहेब कितीही मोठे असोत, त्यांच्या तोंडच्या शब्दाने सरकार बांधले जात नाही.

मग दिलेला माल बुडालाच का? तसेही नाही. १८७२ च्या करार कायद्यात ७० वे कलम आहे. एखाद्याने फुकट देण्याचा हेतू नसताना दुसऱ्याला कायदेशीरपणे माल दिला किंवा त्याचे काम केले, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई दिली पाहिजे किंवा वस्तू परत केली पाहिजे. पश्चिम बंगाल सरकारने एका ठेकेदाराकडून रीतसर कराराशिवाय बांधकामे करून घेतली आणि पुढे पैसे देण्याचे नाकारले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ठेकेदाराला याच कलमाखाली भरपाई मिळवून दिली. म्हणजे आमच्या सहाशे चादरींसाठीही रस्ता होता. पण दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, आणि आमची तीन वर्षे स्मरणपत्रे लिहिण्यात गेली. आपण लिहिलेल्या स्मरणपत्राने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून येणे मान्य केले, तरच त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. एवढे एक वाक्य २०१३ मध्ये कोणी सांगितले असते, तर आमचा पैसा वाचला असता. सांगणारा कोणी नव्हता, कारण आमच्या गावच्या कोर्टात हा विषय शिकलेला वकीलच नव्हता.

सूरए बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत तीच. आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलो आणि तरीही सहाशे चादरी तोंडी शब्दावर पाठवल्या, हे कबूल करताना लाज वाटते.

असो. आता या कायद्यात असते काय ते पाहू. आपल्या देशात सरकारी खरेदीचा एक सलग केंद्रीय कायदा आजही नाही. २०१२ मध्ये तसे विधेयक लोकसभेत मांडले गेले होते, परंतु २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही संपले. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये आपापले कायदे केले. केंद्राचा कारभार २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांवर चालतो. महाराष्ट्रात उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या पाहाव्या लागतात. त्याखेरीज करार कायदा, लवाद कायदा, लघुउद्योगांचा कायदा आणि न्यायालयांचे निकाल. हे सगळे एका पुस्तकात मिळत नाही, आणि म्हणूनच जाणकाराची गरज अधिक लागते.

निकालांपैकी एक मुंबईचाच आहे. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहासाठी निविदा निघाली. पाच वर्षांचा अनुभव असलेला, दुसऱ्या श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलवाला हवा, अशी अट होती. ती अट न पुरवणाऱ्यालाच काम मिळाले. रमणा दयाराम शेट्टी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की सरकारी संस्थेने जी अट स्वतः घातली ती तिला पाळावीच लागेल, मनास येईल त्याला काम देता येणार नाही. गंमत अशी की तत्त्व मान्य होऊनही अर्जदाराच्या हाती काही लागले नाही. तो उशिरा आला होता आणि तोवर दुसऱ्याने तेथे खर्च करून धंदा सुरू केला होता. पुन्हा तेच, उशीर!

१९७४ च्या एका निकालाने ठरवले की कोणालाही काळ्या यादीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात न्यायालयाने आपली मर्यादाही आखून घेतली. निर्णय कोणत्या रीतीने झाला हे न्यायालय तपासते, कोणाचा माल चांगला हे ठरवायला बसत नाही. "आमचे कापड त्यांच्यापेक्षा सरस होते" असे म्हणून हायकोर्टात जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तेथे सांगावे लागते की नियम कोणता मोडला.

आता कारागिरांच्या फायद्याचा भाग. केंद्र सरकारची खाती आणि केंद्रीय कंपन्या यांना २०१२ च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ठरावीक हिस्सा घ्यावा लागतो. तो आरंभी २० टक्के होता, २०१९ पासून २५ टक्के झाला. त्यातच ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. अशा उद्योगांना निविदेचा कागद फुकट मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. बयाणा साधारणतः अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असतो, तेव्हा लहान माणसाला ही सवलत किती मोलाची आहे ते कळेल. शिवाय सर्वांत कमी दरापेक्षा आपला दर १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी तो कमी दर मान्य करून एकूण मालाच्या २५ टक्क्यांपर्यंत पुरवठा मागता येतो. हातमागवाल्यांसाठी वेगळी तरतूद आहे. केंद्रीय खात्यांनी आपल्या कापडापैकी निदान २० टक्के कापड हातमागाचे, खादी आयोग किंवा हातमाग समूहांकडून घ्यावे असा नियम आहे. त्यात ओळखपत्रधारक विणकरही येतात. यंत्रमागाला ही तरतूद लागू नाही.

पैशाच्या वसुलीसाठी २००६ चा कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेतल्यावर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत लेखी ठरली असली तरी फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यायचे. लेखी ठरले नसेल तर १५ दिवसांत. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असेच धरले जाते. पैसे न मिळाल्यास सुविधा परिषदेकडे जाता येते. परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला त्याला आव्हान द्यायचे असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. सरकारी कार्यालयही यातून सुटत नाही.

येथे एक गोष्ट आमच्यासारख्या व्यापाऱ्यांनी कडू असली तरी गिळली पाहिजे. हे हक्क माल बनवणाऱ्याचे आहेत, तयार माल घेऊन विकणाऱ्याचे नाहीत. जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी करता येते खरी, पण त्यांना तिचा फायदा बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच दिला गेला. नोंदणीचा दाखला भिंतीवर लावून "आम्हांलाही बयाणा माफ" असे समजणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत. त्यांचा लिफाफा छाननीतच बाद होतो. तेव्हा ज्याच्या स्वतःच्या नावावर चार माग आहेत किंवा शिलाईचा कारखाना आहे, त्याने स्वतः नोंदणी करून स्वतः पुरवठा करावा, हे आमच्या पोटावर येणारे असले तरी खरे आहे. नोंदणीही पुरवठ्याआधी हवी. माल देऊन झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहाराला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, पण त्याच्या भरवशावर बसू नये.

दुसरा नाजूक मुद्दा व्याजाचा. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, आणि तेही दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागेल असे २००६ चा कायदा म्हणतो. आपल्यापैकी अनेक जण या शब्दापाशीच थांबतात आणि परिषदेचे दारच ठोठावत नाहीत. फतवा देणारे आम्ही कोण? प्रत्येकाने आपल्या विश्वासातील मुफ्तीसाहेबांना विचारावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की मुद्दल हा आपला हक्काचा पैसा आहे आणि व्याज नको म्हणून मुद्दल सोडण्याचे काही कारण नाही. असा अर्ज नीट कसा लिहावा हे जाणणारा आणि आपला दीनही समजणारा वकील आपल्यातूनच तयार व्हायला हवा.

आता पदवीकडे वळू. या विषयाचे सर्वांत जुने आणि नावाजलेले शिक्षण अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन शहरातील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात राल्फ नॅश आणि जॉन सिबिनिक या दोन प्राध्यापकांनी १९६० मध्ये हा विभाग सुरू केला. तेथे सरकारी खरेदी कायद्यात एल.एल.एम. ही पदवी मिळते, आणि वकील नसलेल्यांसाठी वेगळी मास्टर पदवीही आहे. करार कसा होतो हा एक विषय, करार झाल्यावर तो कसा पार पाडायचा हा दुसरा, किमती आणि खर्च कसे तपासायचे हा आणखी एक. भाच्याने यादी वाचून दाखवली तेव्हा आम्हांला वाटले, हा तर आमच्या पेढीचाच कारभार आहे, फक्त इंग्रजीत लिहिलेला.

अमेरिकेत हा विषय इतका का वाढला? कारण तेथे तक्रारीला दात आहेत. टेंडर हरलेल्या व्यापाऱ्याला संसदेच्या हिशेब तपासनीस कार्यालयाकडे जाता येते. तक्रारीचे कारण कळल्यापासून साधारण १० दिवसांत तक्रार करायची, १०० दिवसांत निकाल येतो, आणि तक्रार वेळेत केली तर तोवर काम सहसा थांबून राहते. १९८४ च्या स्पर्धाविषयक कायद्याने हे पक्के केले. लहान उद्योगांना मूळ कंत्राटांच्या किमतीपैकी निदान २३ टक्के मिळावे असे उद्दिष्टही तेथील कायद्यात आहे. आपला २५ टक्क्यांचा आकडा त्याहून मोठा आहे, पण तक्रार घेऊन जाण्याची अशी झटपट जागा आपल्याकडे नाही. हायकोर्टाची पायरी चढावी लागते आणि तेथवर चार चादरींचा व्यापारी पोचत नाही.

परदेशी पदवीचे आकर्षण आम्हांला कळते. पण आमचे मत विचाराल तर ती पहिली पायरी नव्हे. एक तर खर्च. शिक्षणासाठी कर्ज काढायचे तर पुन्हा व्याजाचा प्रश्न. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज भरणारी केंद्राची पढो परदेस योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिचे जुने माहितीपत्रक दाखवून कोणी पैसे मागत असेल तर फसू नये. दुसरे असे की अमेरिकेचे नियम शिकून आलेला मुलगा मंत्रालयातील शासन निर्णय वाचू शकेलच असे नाही. आणि एल.एल.एम. ही काही वकिलीची सनद नव्हे. सनद एल.एल.बी.वर मिळते, त्यानंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते.

आपल्याकडे निव्वळ या विषयाच्या नावाची पदवी शोधत बसू नये. बहुतेक ठिकाणी एल.एल.एम.चे गट घटनात्मक कायदा, व्यापारी कायदा असे असतात. पण प्रबंधाचा विषय विद्यार्थ्याला निवडता येतो आणि तेथे सरकारी खरेदी घेता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एक वर्षाची एल.एल.एम. आहे. तिला क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा द्यावी लागते, ती अलीकडे डिसेंबरात होते.

यापुढे या विषयाला मागणी वाढेल असे आम्हांला वाटते, त्याची कारणे आहेत. २०१६ मध्ये केंद्राने जेम हा संगणकावरील सरकारी बाजार सुरू केला आणि जुने पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले. जेमवर आता घरबसल्या बोली लावता येते, पण अटी वाचल्याशिवाय लावलेली बोली अंगलट येते. बोली मागे घेतली किंवा माल दिला नाही तर कारवाई होते. दुसरे कारण परदेशी स्पर्धा. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात भारत सामील नाही, २०१० पासून केवळ निरीक्षक आहे. परंतु संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या, २०२२ मध्ये अमलात आलेल्या करारात आणि ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात सरकारी खरेदीची स्वतंत्र प्रकरणे आहेत. उद्या केंद्राच्या निविदेत इंग्लंडची कंपनी उतरली तर त्या प्रकरणात काय लिहिले आहे हे वाचणारा कोणी तरी आपल्याजवळ असावा. आपले यंत्रमागवाले ते स्वतः वाचतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

भाच्याशी बोलून आम्ही असे ठरवले आहे की त्याने आधी दोन वर्षे निविदांची आणि लवादाची कामे करणाऱ्या एका वकिलाकडे बसावे. पगार नाममात्र आहे, घरखर्च आम्ही पाहू. त्याची आई, म्हणजे आमची बहीण, अजून राजी नाही. तिचे म्हणणे, इतके शिकून पुन्हा कारकुनासारखे लिफाफेच भरायचे का? तिला आम्ही सांगितले की पहिली दोन वर्षे लिफाफे भरलेच पाहिजेत, कारण तंटे तेथूनच निघतात. त्यानंतर तो क्लॅट देईल. प्रबंधासाठी त्याने विषय घेतला आहे, सुविधा परिषदांपुढे अडकलेली लहान उद्योगांची येणी. त्यासाठी तो गावोगावच्या कारखानदारांना भेटणार आहे. ज्यांच्याजवळ सरकारी कार्यालयांकडून थकलेली बिले असतील, त्यांनी पुरवठा आदेश, सहीचे चलन आणि पत्रव्यवहार यांच्या नकला काढून ठेवाव्यात.

आमची २०११ ची फाईल तो आधीच घेऊन गेला आहे. दावा तर बुडालाच, पण त्यातील शिक्क्याचे, सही नसलेले चलन त्याने वेगळे काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहे.